देण्याघेण्याची साडी आणि घरचा पासवर्ड

आमच्या घरच्या वायफायचा पासवर्ड पाच वर्षं ‘विहिणीचं पोतेरं’ हा होता. इंग्रजी अक्षरांत, मधे जागा न सोडता. तो मी ठेवला होता. तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची होते. एवढ्या वयात बाईला पोच येते असं म्हणणाऱ्यांनी मला त्या वेळी बघायला हवं होतं.

तो बदलायची पाळी कशी आली हे सांगायचं तर आधी साडीचं सांगावं लागेल.

कापडाच्या दुकानात साड्या दोन जातीच्या असतात, नेसायच्या आणि देण्याघेण्याच्या. “देण्याघेण्यातलं दाखवा” म्हटलं की दुकानदार आपला चेहरा न्याहाळतो आणि खालच्या फळीवरचा गठ्ठा ओढतो. ती साडी कोणी नेसत नाही. ती आहेरात येते, पेटीत बसते, पुढच्या आहेरात जाते. आमच्या परभणी जिल्ह्यात अशा साड्या असतील की ज्यांनी माझ्यापेक्षा जास्त लग्नं पाहिली आहेत, आणि जेवणावळीशिवाय पाहिली आहेत.

या कामात मी स्वतःला फार हुशार समजायचे. तिशीत होते, पूर्णेला रेल्वेच्या क्वार्टरात राहत होतो. लग्नसराईच्या आधी मी असा एक गठ्ठा आणायचे आणि दुपारी दार लावून प्रत्येक साडीच्या आतल्या टोकाला, काठाच्या उलट्या अंगाला, हिरव्या दोऱ्याचे तीन उभे टाके घालायचे. जनावराला डाग देतात तसे. का, तर आपलीच साडी फिरून आपल्याकडं आली तर ओळखू यावी, आणि कोणाशी अबोला धरायचा तेही ठरवता यावं. पंधरा वर्षांत एकच साडी परत आली. ती आणणाऱ्या बाईशी मी तीन वर्षं बोलले नाही. दुसऱ्यांनी दिलेल्या साड्या मीही त्याच काळात पापणी न हलवता पुढं ढकलत होते. पण तो व्यवहार होता. माझी साडी पुढं ढकलली तर तो अपमान होता. असलं डोकं घेऊन मी संसार केला आणि तो झाला, यात कौतुक असेल तर ते संसाराचं.

मुलाचं लग्न सात वर्षांपूर्वी झालं. मुलगी राणीसावरगावची, शिकलेली, कमी बोलणारी. मी वरमाय. लग्नाच्या आधी दोन महिने ही वरमाय आरशासमोर मान ताठ ठेवून बसायचा सराव करत होती, हे आमच्या मालकांनी एकदा पाहिलं आणि “मानेला काय झालंय?” असं विचारलं. नवऱ्याला बायकोचा रुबाब दुखण्यासारखा दिसावा, यापलीकडं काय सांगायचं.

मांडवात विहीणबाईंनी माझे पाय धुतले, ओटी भरली आणि मांडीवर साडी ठेवली. चार बायका माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मी साडीचा काठ अंगठा आणि बोटाच्या मधे धरला आणि हळूच चोळला. तेवढ्यावर निकाल. पातळ. आमसुली रंग, खोटी जर, देण्याघेण्यातली. वरमाईला, मानाची म्हणून, देण्याघेण्यातली. नुसती बोटं पदराला पुसली. ती पुसलेली बोटं विहीणबाईंनी पाहिली, आणि त्या पाहतील अशीच मी पुसली होती.

घरी आल्यावर साडी होती त्या प्लॅस्टिकच्या पिशवीसकट पेटीच्या तळाला टाकली. घडी मोडली नाही. विहिणीनं दिलेल्या साडीची घडी न मोडणं म्हणजे काय, हे आमच्याकडच्या बायकांना समजावून सांगावं लागत नाही. तोंडानं दिलेली शिवी एक वेळ विसरतात.

पुढं लॉकडाऊन आलं. नात तेव्हा पाळण्यात होती. सुनेला परीक्षेचा अभ्यास करायचा म्हणून मुलानं वायफाय घ्यायचं ठरवलं. केबलवाला डबा घेऊन आला तेव्हा मुलगा रेल्वेच्या गाडीवर ड्युटीला होता, मालक झोपले होते. त्याच आठवड्यात बाळाच्या गुटीवरून माझं आणि विहीणबाईंचं फोनवर चांगलंच वाजलं होतं.

“मावशी, पासवर्ड काय टाकू?” केबलवाल्यानं विचारलं. “आठ अक्षरं तरी पायजेत. कुणाला सुचू नये असा सांगा.”

मी सांगितलं. एकदा साधं सांगितलं, आणि त्याला कळलं असूनही दुसऱ्यांदा मोठ्यानं सांगितलं. तो हसला आणि टाकला. आत सून भांडी घासत होती. भांड्यांचा आवाज थांबला. तो थांबलेला मला ऐकू आला, आणि बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते. तेव्हा वाटली असती तर आज लिहायला लागलं नसतं.

सून एका शब्दानं बोलली नाही. नवा फोन आला, टीव्ही आला, प्रत्येकात तिनं आपल्या बोटांनी तो शब्द भरला. पाहुण्यांनी नेट मागितलं की मात्र ती माझ्याकडं बोट करायची. “आत्यांना विचारा.” मी सांगायचे, पाहुणे हसायचे, आणि मला वाटायचं मी फार विनोदी आहे. ती गप्प बसते म्हणजे तिला काही कळत नाही, असंही वाटायचं. मालक एकदा म्हणाले, “बदल ते. अंगलट यील.” मालकांचं ऐकण्याची आमच्या घरात पद्धत नाही.

नात बोलायला लागली आणि पाठ करण्याजोगं तिला पहिलं जे सापडलं ते हेच. शुभंकरोतिच्या आधी. दारात कोणी फोन काढला की ती पायऱ्यांवर उभी राहून ताल धरून म्हणायची.

यंदा सून तलाठ्याच्या परीक्षेत पास झाली. महिन्याभराचं प्रशिक्षण संभाजीनगरला, तिथंच राहून. पाच वर्षांच्या पोरीला सांभाळायचं कोणी? मुलाची ड्युटी कधी दिवसाची, कधी रात्रीची. माझे गुडघे पोरीच्या मागं दोन पावलं पळत नाहीत. मालकांच्या भरवशावर मांजरही ठेवू नये. राहता राहिल्या विहीणबाई. त्या महिनाभर यायला तयार झाल्या. आतापर्यंत आल्या की दुपारी जेवून संध्याकाळच्या गाडीनं परत जायच्या, आणि त्यांचा फोन बटणांचा होता. आता त्यांच्या मुलानं त्यांना काच घासायचा फोन घेऊन दिला होता. त्यावर दिवसभर कीर्तनं आणि लोणची चालतात, असं सून म्हणाली. आल्या आल्या नेट मागणार.

त्या येणार त्या दिवशी सकाळी सून माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“आत्या, आई दुपारच्या गाडीनं यायलीय.”

“मग येऊ दे की. मी काय गाडी अडवायलेय?”

“पासवर्ड बदलायचाय.”

“बदल मग. तुला येतंय ना.”

“मला येतंय. पण तुमी बदला. ठेवला तुमी.” ती थोडी थांबली. “आईला कळलं तर ती चहा पण न घेता परत जाईल. ती गेली की मी जाऊ शकत न्हाई. मी न्हाई गेले की नोकरी गेली. मी चार वर्षं अभ्यास केलाय, आत्या. त्याच नेटवर.”

सात वर्षांत ती माझ्याशी सलग एवढं कधी बोलली नव्हती.

मग मी चष्मा लावून कामाला बसले. डबा कपाटावर, देव्हाऱ्याच्या शेजारी. स्टुलावर चढायची सोय नाही, म्हणून तिनं तो काढून हातात दिला. त्याच्या पोटाला कागद चिकटवलेला, त्यावर आकडे, आणि खाली आत शिरायचं नाव नि गुप्त शब्द. म्हणजे कुलपाच्याच पाठीवर किल्ली. हा शहाणपणा करणाऱ्याला माझ्यावर हसायचा हक्क नाही. फोनवर आकडे टाकले, इंग्रजी पान उघडलं, चार ठिकाणी चुकीचं दाबलं. सून शेजारी बसून नुसतं सांगत होती, हात लावत नव्हती. “खाली. अजून खाली. वायरलेस म्हणलंय बगा, तिथं.” तिथं तो शब्द सापडला. पाच वर्षांनी मी तो लिहिलेला वाचला. बोलताना खमंग लागायचा. काचेवर बघितला तर नुसताच हलकट होता.

मी खोडला. “आता काय टाकू?” असं विचारलं तेव्हा मात्र तिनं फोन माझ्या हातातून घेतला, पाठ वळवली, काहीतरी टाकलं आणि सेव्ह केलं. घरातलं सगळं नेट गेलं. आतून मालक म्हणाले, “टीव्हीवरची म्याच बंद पडली.”

“आता ते लुगडं काढा,” सून म्हणाली.

“कोणतं?”

“तुमाला म्हायतीय कोणतं. आई दारातून आत आली की तुमच्या अंगावर ते पायजे.”

पेटीच्या तळातून पिशवी काढली. सात वर्षांनी घडी मोडली. निऱ्या काढायला आतलं टोक हातात घेतलं, तर काठाच्या उलट्या अंगाला हिरव्या दोऱ्याचे तीन उभे टाके.

मी तिथंच पेटीवर बसले.

टाके माझेच. हिरवा दोरा जरा विटला होता, पण हात माझा. क्वार्टराच्या बंद दाराआड, तिशीतल्या त्या शहाण्या बाईनं खालच्या फळीवरून मुद्दाम उचललेली ही साडी, कोणाच्या तरी वास्तुशांतीला नाक मुरडत दिलेली. तिथून ती कोण जाणे किती पेट्या हिंडून राणीसावरगावला पोचली आणि मानानं परत माझ्या मांडीवर आली. खूण घातली होती ओळखायला, आणि ओळखायच्या दिवशी मी साडी उघडली नाही. बोटं पुसली. ज्या पातळ कापडावरून मी सात वर्षं विहिणीला नावं ठेवली ते कापड मीच निवडलेलं होतं, आणि निवडताना ते पातळच असावं हे पाहिलं होतं.

हसू आलं, पण ते दाबलं. सुनेला काही सांगितलं नाही. नेसले. अंगाला कागदासारखी लागत होती. दुसऱ्या बायकांना काय नेसायला देत होते मी, ते त्या दिवशी कळलं.

विहीणबाई दुपारी दीडच्या सुमाराला आल्या. हातात एक मोठी पिशवी, डब्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. पाय धुतले, पाणी प्याल्या, आणि चहाच्या आधी फोन पुढं केला. “बाई, ते तुमचं नेट टाक ह्याच्यात.” सुनेनं पासवर्ड भरून दिला. कीर्तन सुरू झालं. सुनेची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती, संध्याकाळच्या गाडीची. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. निभावलं असं दोघींनाही वाटलं.

विहीणबाईंनी फोन खाली ठेवला आणि माझ्याकडं नीट बघितलं. मग हात लांब करून माझ्या पदराचा काठ अंगठा आणि बोटाच्या मधे धरला, आणि चोळला. अगदी तसाच.

“नेसलात म्हणायचं,” त्या म्हणाल्या. “ईनबाई, आता इतकी वर्षं झाली, खरं सांगते. तुमच्यासाठी चांगलं पैठणीच्या काठाचं आणलं होतं. आदल्या दिवशी गर्दीत ते दुसऱ्याच पाहुणीला गेलं. मग पेटीत जे हाताला लागलं ते दिलं. माझ्या जिवाला लय लागलं होतं. तुमी बोटं पुसली ती मी बघितली.”

“जाऊ द्या ते,” मी म्हणाले.

“न्हाई, बरोबरच केलं तुमी. मला ते भाच्याच्या लग्नात आलं होतं. कोण देणारी होती देव जाणे. आहेरात निस्तं पोतेरं देतेत काही बाया.”

नात पायरीवर बसून धपाटे खात होती. तिनं मान वर केली. “पोतेरं? आज्जी, तो तर आमचा पासवर्ड हाय,” ती म्हणाली, आणि ताल धरून सगळा म्हणून दाखवला. पहिल्या शब्दासकट.

कीर्तनकार एकटाच बोलत राहिला.

“काय म्हणाली पोरगी?” विहीणबाईंनी विचारलं. मला नाही, आपल्या लेकीला.

सुनेची नजर दाराशी ठेवलेल्या बॅगेवर होती. मला त्या क्षणी तीन खोटी सुचली, तिन्ही चांगली होती. पोरीनं गल्लीत ऐकलं, शाळेतलं गाणं आहे, केबलवाल्याचा चावटपणा. ती अठ्ठावन्न वर्षांची बाई असती तर तिन्हींतलं एक फेकून मोकळी झाली असती, आणि उरलेली दोन वर्षभर वापरली असती. पण खोटं बोलले असते तर पुढची चौकशी सुनेच्या वाट्याला आली असती. पाच वर्षं ती माझ्या वाटचं गप्प बसली होती.

मी उठले, कमरेतून साडीचं आतलं टोक ओढून काढलं आणि विहीणबाईंच्या मांडीवर ठेवलं.

“हे टाके बगा.”

त्यांनी चष्मा लावला. “हिरवे.”

“माझे हायत. देणारी मी होते. अशा गठ्ठ्यानं आणून द्यायचे, आणि परत आल्या तर कळावं म्हणून खूण करायचे. ही फिरून माझ्याकडंच आली. मी आज सकाळपर्यंत उघडून बघितली न्हाई. आणि तो पासवर्ड मीच ठेवला होता. तुमच्यावरून. तुमच्या लेकीचा त्याच्यात काही संबंध न्हाई. आज सकाळी बदलला, तोही तिनं बदलायला लावला म्हणून.”

विहीणबाई बराच वेळ टाक्यांवरून बोट फिरवत बसल्या. मग त्यांनी आपली पिशवी जवळ ओढली. सुनेनं डोळे मिटले. मालक आतून येऊन चौकटीत उभे राहिले होते, नको त्या वेळी यायची त्यांची रीतच आहे.

पिशवीतून त्यांनी मिसरीची डबी काढली. चिमूट बोटावर घेतली, दाताला लावली, आणि डबी माझ्या देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवली. महिनाभर राहायला आलेलं माणूस ठेवतं तशी, आतल्या बाजूला सारून.

“टाके लय वाकडे हायत, ईनबाई,” त्या म्हणाल्या. मग लेकीकडं वळल्या. “तू नीघ. गाडी चुकंल. मी महिनाभर हाय हितं, आणि मला आता करमायचं बी चांगलं.”

त्यांना करमलं. महिनाभर त्यांनी मला सोडलं नाही. फरशी पुसायला घेतली की विचारायच्या, “ईनबाई, तुमच्याकडचं चांगलं पोतेरं कुठं ठेवता? का द्यायला काढलंय कुणाला?” कोणी बाई भेटायला आली की तिला बसवून साडीची गोष्ट सांगायच्या, आणि मधे थांबून माझ्याकडून टाके किती ते वदवून घ्यायच्या. “तीन,” मी म्हणायचे. एकदा चुकून उलटून बोलले तर त्यांनी फोन उचलला आणि शांतपणे म्हणाल्या, “माझ्या लेकीला सांगू का, आई परत निघाली म्हणून?” मी उठून चहा ठेवला. सात वर्षं मी त्यांना मूर्ख समजत होते. एवढी हुशार बाई मी आमच्या नात्यात दुसरी पाहिली नाही, आणि नात्यात मीही येते.

जाताना मी त्यांना नेसायच्या जातीची साडी दिली. त्यांनी माझ्यासमोरच ती उलगडली, चारही टोकं उलटी करून बघितली, मगच पिशवीत घातली.

सून प्रशिक्षण पुरं करून आली. तालुक्यातल्याच एका तलाठी सज्जावर रुजू झाली आहे. सकाळी डबा घेऊन जाते, शेतकऱ्यांचे सातबारे बघते, घरी आल्यावर आता दोन वाक्यं जास्त बोलते.

परवा माझा फोन खराब झाला आणि मुलानं नवा आणला. त्यात नेट टाकायला मी तो सुनेकडं दिला. तिनं पाठ वळवली. बोट किती वेळा आपटलं ते मी मोजलं, चौदा वेळा.

“काय ठेवलंय गं?” मी विचारलं.

“चालायलंय ना नेट? मग.”

दुपारी ती कामाला गेल्यावर नातीला जवळ घेतलं, चॉकलेट दाखवलं आणि नवा पासवर्ड म्हणून दाखव म्हटलं. पोरीनं चॉकलेटकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

“आईनं सांगितलंय,” ती म्हणाली, “दुसऱ्या कुणापुढं बी म्हण, आज्जीपुढं म्हणायचं न्हाई.”

चॉकलेट मी तिला दिलं. पुढं विचारलं नाही.